टॅबसमोर तासभर न हलणारं मूल, आणि त्याचं लक्ष मोजायचं कसं

प्रश्न: आमची शाळा घाटंजी तालुक्यात, जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून दहा टॅब मिळाले. तिसरी ते पाचवीची मुलं पाठाचा व्हिडिओ लागला की चाळीस मिनिटं जागची हलत नाहीत. फळ्यावर शिकवायला घेतलं की दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. पण दुसऱ्या दिवशी व्हिडिओतलं विचारलं तर निम्म्या मुलांना काहीच सांगता येत नाही. पालक म्हणतात, मोबाइलमुळे पोट्ट्यांचं लक्षच गेलं. तुम्ही अवधान आणि डिजिटल शिक्षणावर संशोधन करता. लक्ष मोजतात तरी कसं? टॅब वापरावेत की कपाटात ठेवावेत? शिवाय दर महिन्याला टॅब किती तास वापरले याचा अहवाल द्यावा लागतो.

उत्तर:

मॅडम, कपाटाचं आधी सांगतो, कारण तुम्हाला उद्याही पाठ घ्यायचा आहे. टॅब वापरा, पण चाळीस मिनिटांचा सलग व्हिडिओ बंद करा. मुलांचं लक्ष गेलं ही पालकांची भीती मला तुमच्या वर्णनात कुठेच खरी ठरताना दिसत नाही. मूल हललं नाही म्हणजे त्याचं अवधान होतं, असं आपण गृहीत धरतो. घोटाळा तिथे आहे.

माझं बरंचसं काम यवतमाळ, अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या जि.प. शाळांत चालतं. तुम्ही विचारलेलं मला जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अवधान दोन वाटांनी चालतं. एक बाहेरून खेचलं जातं. वर्गाच्या मागे ताट पडलं की सगळ्या माना वळतात, कोणी ठरवून वळवत नाही. इवान पावलोव्ह यांनी हे कुत्र्यांमध्ये पाहिलं आणि त्याला ‘हे काय आहे?’ असं विचारणारा प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्रिया, म्हटलं. दुसरं अवधान आतून लावावं लागतं. वजाबाकीत हातचा लक्षात ठेवणं, उताऱ्यातलं कारण शोधणं, आधीचं वाक्य मनात धरून पुढचं वाचणं, ही सगळी त्याची कामं. त्याला श्रम पडतात आणि ते दमतं. शैक्षणिक म्हणून येणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत दर काही सेकंदांनी चित्र बदलतं, आवाज बदलतो, एखादं कार्टून उडी मारतं. प्रत्येक बदलाला पहिलं अवधान जागं होतं आणि मूल पडद्याला खिळून राहतं. दुसऱ्या अवधानाला त्या चाळीस मिनिटांत कुणी हाकच मारत नाही. फळ्यापाशी तुम्ही ती हाक मारता, म्हणून मुलं दमतात, आणि दमली की चुळबुळतात. ती चुळबुळ पाहून तुम्ही स्वतःला कमी लेखू नका. तुमच्या फळ्यावर काहीतरी मागितलं जातंय याची ती खूण आहे.

डोळे आणि अवधान एका जागी असतातच असं नाही, हे मानसशास्त्रात फार पूर्वी ठरलेलं आहे. मायकेल पोस्नर यांनी १९८० मध्ये दाखवलं की नजर न हलवताही अवधान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेता येतं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांचा १९९९ चा प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. चेंडू किती वेळा फेकला हे मोजायला सांगितलेल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांना पडद्याच्या मधोमध चालत गेलेला गोरिल्लाच्या वेशातला माणूस दिसला नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २००६ मध्ये डॅनियल मेमर्ट यांनी नजर टिपणारं यंत्र लावून पाहिलं ते. ज्यांना गोरिल्ला दिसला नाही, त्यांची नजरही सरासरी सेकंदभर त्याच्यावर होती. ज्यांना तो दिसला त्यांच्याइतकीच. आता तुमच्या वर्गातलं स्थिर बसलेलं मूल आठवा. त्याची नजर व्हिडिओवर होती, एवढंच आपल्याला माहीत आहे.

पालकसभेत कुणी ना कुणी म्हणतंच की हल्ली माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, सोनमाशापेक्षाही कमी. हा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालातून जगभर पसरला. तो त्यांच्या प्रयोगातून आलेला नव्हता, आकडे गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतलेला होता, आणि त्यामागे कोणताही धड अभ्यास नाही. खरा अभ्यास आहे तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांचा. कार्यालयात संगणकावर काम करणारी माणसं एका पडद्यावर किती वेळ थांबून दुसरीकडे वळतात, हे त्यांनी मोजलं. २००४ मध्ये ते अडीच मिनिटं होतं, अलीकडच्या वर्षांत सरासरी ४७ सेकंद. आकडा काळजीचा आहेच. पण ती मोठ्या माणसांची सवय आहे, मुलांच्या मेंदूची क्षमता नव्हे. सवय परिस्थितीने लागते आणि परिस्थिती बदलली की बदलते. तुमच्याकडचं मूल पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना दोन तास मान वर करत नाही, हे तुम्ही पाहिलेलं असणार.

आता मोजण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाला एक अडचण होती: रडारवर बसलेले प्रशिक्षित लोक काही वेळाने पाणबुडीची खूण सोडून द्यायला लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखी एक तबकडी केली. काटा एकेक पाऊल पुढे जायचा आणि क्वचित एकदम दोन पावलं उडी मारायचा. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढंच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या सुटण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. डोळे उघडे, माणूस खुर्चीत, आणि तरीही. अवधान मोजण्याची ही पहिली रीत: दुर्मीळ गोष्ट सुटते का ते पाहणं. दुसरी रीत प्रतिसादाला लागणारा वेळ मोजण्याची. सरासरी वेळ किती यापेक्षा तो किती खालीवर होतो हे पाहायचं, कारण मन भटकलं की प्रतिसाद कधी उतावीळ येतो, कधी फार उशिरा. तिसरी रीत मला गावातल्या शाळेत सगळ्यात उपयोगी वाटते: मध्येच थांबवून विचारणं. अनपेक्षित क्षणी घंटी वाजवायची आणि विचारायचं, ‘आत्ता, घंटी वाजायच्या आधी, मनात काय होतं?’

आपल्याकडे हे थेट विचारून चालत नाही. सर किंवा मॅडम विचारतायत म्हटल्यावर उत्तर तयार असतं: ‘समजलं, सर. सम्दं समजलं.’ म्हणून मी चिठ्ठीवर तीन चित्रं देतो: टॅब, घर आणि झोपलेलं मूल. नाव लिहायचं नाही, एकावर खूण करायची आणि डब्यात टाकायची. खुणा करून झाल्यावर ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगायचं. मुलं जे सांगतात त्याने माझी संशोधनाची दिशाच बदलली. वानरं तुरीत आली असतील का. आई कापूस वेचायला गेली, धाकट्याला कोण पाहील. रात्री रानडुकरं येतात म्हणून बाबांबरोबर जागलीला गेलो होतो. हिवाळ्यात शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की हरभऱ्याला ओलीत करायला बापाबरोबर टॉर्च धरायला पोरगं जातं आणि सकाळी तुमच्या वर्गात येऊन बसतं. झोप तुटलेल्या मेंदूत अवधानाला बारीक बारीक खंड पडतात, एकेक दोन दोन सेकंदांचे. डोळे उघडेच असतात. अशा मुलाला कोणतंही अ‍ॅप जागं ठेवू शकत नाही, आणि त्याला ‘लक्ष नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला पहिला अर्धा तास मागच्या खोलीत झोपू द्या. मी हे मनापासून सांगतोय, अहवालात कसं लिहायचं ते नंतर पाहू.

उन्हाळ्याचंही तेच. मार्चपासून सकाळची शाळा होते ती बरी गोष्ट आहे, पण टिनाखालचा वर्ग साडेनऊलाच तापतो. डोक्याचं काम आणि टॅब दोन्ही त्याआधी उरका. तापलेला टॅबही चालता चालता बंद पडतो.

मग टॅबवरचा पाठ कसा असावा? इथे दोन अभ्यास माझ्या हातात कायम असतात.

पहिला कार्ल श्पूनार, नोव्हॉल खान आणि डॅनियल शॅक्टर यांचा, २०१३ चा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सांख्यिकीचा एकवीस मिनिटांचा व्हिडिओ चार तुकड्यांत दाखवला. काहींना प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे प्रश्न लिहायला दिले, काहींना तेच पुन्हा वाचायला दिलं. मधूनमधून विचारल्यावर ज्यांना प्रश्न नव्हते त्यांचं मन ४१ टक्के वेळा भटकलेलं होतं, आणि प्रश्न सोडवणाऱ्यांचं १९ टक्के वेळा. व्हिडिओ तोच होता, शिकवणारा तोच. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: मध्ये मध्ये प्रश्न सोडवलेल्यांना शेवटच्या परीक्षेची धास्तीही कमी वाटली.

दुसरा हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा, २००६ चा. तुमच्या ‘दुसऱ्या दिवशी आठवत नाही’चं उत्तर त्यात आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा ते ४२ वर घसरले आणि आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. म्हणजे व्हिडिओ संपल्यासंपल्या ‘समजलं का?’ विचारलं तर वर्ग हो म्हणणार, आणि तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याला खरंच समजल्यासारखं वाटत असतं. गुळगुळीत सादरीकरण पाहिलं की आपल्याला येतंय असं वाटण्याचं प्रमाण वाढतं. प्रत्यक्ष येण्याचं वाढतंच असं नाही.

तुम्ही असं करून पाहा. व्हिडिओ पाच-सहा मिनिटं चालवा आणि थांबवा. टॅब पालथा ठेवायला सांगा, नुसता थांबवून चालत नाही, कारण उजळलेला पडदा नजर ओढतच राहतो. मग पाटी घ्या. हो, पाटीच. आत्ता जे पाहिलं ते न बघता काढा किंवा लिहा, दोन मिनिटं. तिसरीच्या मुलाने नुसतं चित्र काढलं तरी चालेल. शेजाऱ्याची पाटी बघू द्या, वाद होऊ द्या. कुणाचं बरोबर हे तुम्ही लगेच सांगू नका. पुढच्या पाच मिनिटांच्या तुकड्यात उत्तर असेल तर मुलं ते शोधायला बसतात, आणि तेव्हा आतून लावलेलं अवधान कसं दिसतं ते तुम्हाला समोर दिसेल. थोडी मान पुढे, कपाळाला आठी, ओठ हलत असलेले. ते चेहरे ओळखायला शिकणं हे कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचं आहे. एका तासात असे तीन तुकडे पुरेत. पाठ पूर्ण होणार नाही, राहू द्या. दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच, टॅब न काढता, कालच्या तिन्ही तुकड्यांवर एकेक प्रश्न पाटीवर घ्या.

पाच-सहा मिनिटंच का, असं कुणी विचारेल. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या जवळपास ६९ लाख व्हिडिओ-बैठका तपासल्या आणि सहा मिनिटांनंतर लोक व्हिडिओ सोडून जातात असं दिसलं. ते बहुतांशी प्रौढ आणि स्वखुशीने शिकणारे होते. तुमच्या चौथीला तो नियम तसाच लावायची गरज नाही. तुमच्या मुलांच्या पाट्या कोऱ्या यायला लागल्या की तुकडा लांब झाला, एवढी खूण पुरे.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल अ‍ॅप बनवणारे विचारच करत नाहीत. तुमच्या वर्गात कोलामी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतील. कोलामी द्राविडी कुळातली, मराठी त्याहून अगदी वेगळ्या कुळातली. त्या मुलाला पुस्तकी मराठीतला शब्द अंदाजानेही लागत नाही. आपली कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवण्याची जागा, फार लहान असते. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून दाखवलं की त्या जागेवर नको तो भार आला की शिकण्याला जागा उरत नाही. निवेदनातली ‘वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात’ ही भाषा उलगडण्यातच ती जागा भरली तर पान अन्न कसं तयार करतं हे आत शिरणारच नाही. बाहेरून ते मूल अगदी शांत दिसतं. व्हिडिओ लावण्याआधी त्यातले चार-पाच शब्द निवडा, खऱ्या वस्तू समोर ठेवा, आणि वर्गातल्याच एखाद्या मोठ्या मुलीकडून कोलामीत सांगवून घ्या. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांनाही याचा फायदा होतो. पार्श्वसंगीत बंद करता येत असेल तर करा. रिचर्ड मायर यांचे प्रयोग सांगतात की पाठाशी संबंध नसलेलं संगीत आणि मजेदार जादा चित्रं काढून टाकली की शिकणं सुधारतं. मायर यांचाच दुसरा एक नियम म्हणतो की निवेदन चालू असताना तीच वाक्यं पडद्यावर लिहून दाखवू नयेत. तो मी आपल्याकडे पाळत नाही. वाचन अजून बसायचं आहे किंवा भाषा घरची नाही, अशा मुलांना खालची अक्षरं उपयोगी पडतात. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांनी दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी देण्याचं जे काम केलं, त्याचा पाया हाच आहे.

टॅबने फायदा होतो की नाही, हा प्रश्न असा मोघम विचारला की उत्तर मिळत नाही. पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात काही शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले, बाकीच्यांना नाही. पंधरा महिन्यांनी गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. गुजरातेत ‘ज्ञानशाळा’ या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी तपासलं तेव्हा शिक्षिकेच्या तासाच्या जागी संगणक ठेवला तिथे गुण घटले. शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून ठेवला तिथे मागे पडलेल्या मुलांना विशेष फायदा झाला. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी सरकारी शाळांतल्या ६१९ मुलांबरोबर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण एकमेकांपासून किती पसरलेले असतात त्याचं हे माप) जादा प्रगती झाली. एवढा परिणाम शिक्षणातल्या प्रयोगांत क्वचित दिसतो. तिथे काय होतं? मूल ज्या पातळीवर आहे तिथले प्रश्न पुढे येत. मूल सातवीतलं पण गणित चौथीचं, तर चौथीचं. सतत उत्तर द्यावं लागे. आणि रोजच्या नव्वद मिनिटांतली निम्मी संगणकाशिवाय, माणसाबरोबर, छोट्या गटात जात. तुमच्या टॅबमध्ये काय भरलंय ते या नजरेने एकदा तपासा. जे फक्त दाखवतं ते पाच मिनिटांच्या तुकड्यांपुरतं ठेवा. जे विचारतं, आणि चुकल्यावर नुसतं लाल न होता सोपा प्रश्न पुढे करतं, त्याला जास्त वेळ द्या.

दहा टॅब आणि पटावर तीस मुलं असतील तर एका टॅबवर तिघं बसत असणार. अशा गटात एकाच्याच हातात टॅब राहतो, बहुतेक वेळा वर्गातल्या धीट मुलाच्या. तिसरं मूल, पुष्कळदा कडेला बसलेली मुलगी, काही मिनिटांत मनाने बाहेर पडते. वर्गात मोठी दुरुस्ती करायची असेल तर ती इथे करा. नियम असा ठेवा: टॅब ज्याच्या हातात तो उत्तर सांगणार नाही. बाकीचे दोघं पाटीवर उत्तर लिहितील, दोघांचं जुळलं तरच तो बोट लावेल, आणि प्रत्येक प्रश्नाला टॅब उजवीकडे सरकेल. पहिले दोन-तीन दिवस भांडणं होतील, मग ती मुलंच नियम राखतात.

घरच्या मोबाइलबद्दल पालकांना एवढंच सांगा. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा, एकच खोली असेल तर चार्जिंगला लावून फडताळात. मुलाने रील पाहिले म्हणून त्याचा मेंदू बिघडला असं म्हणू नका. पण रील पाहून लगेच वाचायला बसवलं तर सुरुवातीचा वेळ वाया जाऊ शकतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मोठ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की आधीचं काम अर्धवट सोडून उठलं की त्याचा काही अंश मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामाला पुरं मन मिळत नाही. मधे पाणी भरू द्या, शेळीला चारा घालू द्या, आणि मग बसवा.

राहिला अहवाल. वापराचे तास मागतात ते द्या, तो तुमच्या नोकरीचा भाग आहे. पण मोटार किती तास चालली यावरून वावराला ओलीत झालं असं तुमच्या गावातला एकही शेतकरी समजत नाही, सरीच्या शेवटाला जाऊन माती पाहतो. त्याच रजिस्टरमध्ये तासांच्या पुढे दोन रकाने स्वतःहून ओढा. एकात, काल टॅबवर पाहिलेल्यातलं आज किती मुलांनी न बघता पाटीवर लिहिलं. दुसऱ्यात, आज वर्गात झोपेला आलेली मुलं किती. पंधरा दिवस भरा आणि केंद्रप्रमुख आले की तिन्ही रकाने शेजारी ठेवून दाखवा. पाट्यांचे फोटो काढताना मुलांची नावं, चेहरे येऊ देऊ नका. पंधरवड्यानंतर पहिल्या रकान्यातला आकडा हलला नाही तर तुकडे तीन मिनिटांवर आणा आणि मला त्या आठवड्यातला एक व्हिडिओ आणि दोन दिवसांच्या पाट्यांचे फोटो पाठवा. नेमकं कुठे सुटतंय ते त्यावरून मला सांगता येईल.